कोर्टाच्या माठातलं पाणी

अलीकडे मला कुठलीही मालिका शेवटपर्यंत बघवत नाही. सहा-सात भाग होतात, कुणी काय केलंय ते उलगडायला लागतं आणि मी मोबाइल पालथा ठेवून देतो. गेल्या हिवाळ्यात एक मालिका बघायला घेतली होती. डोंगरातलं लहान गाव, तिथले एक मास्तर, त्यांच्या गाडीखाली कुणीतरी आलेलं. मास्तर ते लपवतात आणि रोज शाळेत जाऊन मुलांना शुद्धलेखन घालतात. मालिका चांगली होती. फळ्यावर लिहिता लिहिता मास्तरांचा हात थांबतो, ते तर फारच खरं वाटलं. पण शेवटच्या भागात ते सगळ्यांसमोर कबूल करणार, पाऊस पडणार, आणि ज्या बाईचा नवरा गेला ती त्यांच्याकडे नुसती बघत राहणार, हे मला आधीच दिसायला लागलं. मी तिथेच सोडून दिलं.

सव्वीस वर्षं मी तालुक्याच्या कोर्टात बाबू आहे. कबुली देणारी माणसं मी बघितली आहेत. त्यांतले बरेच जण त्या वेळी आपल्या चपलेच्या तुटलेल्या अंगठ्याकडे बघत असतात, नाहीतर कुरखेड्याची शेवटची एसटी निघून तर गेली नसेल ना, या काळजीत असतात. पाऊस वगैरे पडत नाही.

वाचनाचंही तेच झालं आहे. वाचनालयातून एक जाड कादंबरी आणली होती. तीन वेळा मुदत वाढवून घेतली. तिथले म्हातारे ग्रंथपाल म्हणाले, "काय बाबू, पाठ करून राह्यले का?" मी हसून वेळ मारून नेली. कादंबरीच्या शंभराव्या पानाच्या आसपास एक बाप तापाने फणफणलेल्या मुलीला चमच्याने पाणी पाजतो. दोन-तीन ओळींचा प्रसंग आहे, पुढे कथेत त्याचं काही होतही नसेल. मी तिथवर जातो आणि पुस्तक मिटतो.

हे सगळं पाण्यामुळे आहे. मी एका मुलीला दोन दिवस पाणी पिऊ दिलं नाही. ती माझी भाची. गोष्ट मागच्या वर्षीच्या एप्रिलची. वर्षभर मी ती तिच्या आईला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, सांगितली नव्हती. या एप्रिलमध्ये सांगितली. ती कशी सांगितली ते लिहिण्याआधी जे झालं ते लिहायला हवं, आणि त्याची सुरुवात माझ्या साखरेपासून होते.

सेहेचाळिसाव्या वर्षी मला साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि चालायला सांगितलं. इतक्या साध्या उपायावर माझा विश्वास बसला नाही. मी वाचणारा माणूस. लहानपणापासून घरात आणि गावात माझी तेवढीच ओळख आहे. 'त्याले विचारा, तो वाचते,' असं म्हणून लोक माझ्याकडे औषधाच्या बाटलीवरचं लिहिलेलं वाचायला आणत. तेव्हा मी शोधायला लागलो, आणि हातात मोबाइल असल्यावर शोधणाऱ्याला काय वाटेल ते सापडतं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी झालं. बेंबीत तेल झालं. तेलाच्या गुळण्या, ओल्या गवतावर अनवाणी चालणं, सकाळी कडुलिंबाचा रस. एकाने सांगितलं, कारली पायाखाली तुडवली की जिभेला कडू लागतं आणि तसं लागलं की साखर उतरते. मी घमेल्यात एक किलो कारली घेऊन अर्धा तास तुडवत बसलो. माझी बायको दारात उभी राहून बघत होती.

"कडू लागलं का?" तिने विचारलं.

"थोडं थोडं लागून राह्यलं."

"मंग आता भाजीले हेच धुऊन करू, का दुसरे आणता?"

त्या दिवशी मीही हसलो. आता वाटतं, तिचं हसणं मी जरा ऐकायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात शिरलं होतं की डॉक्टर लोक काहीतरी लपवतात आणि मोबाइलमधली माणसं ते उघड करतात. चांगलं वाटलं की मी ते नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवत असे. कुणी अंगठा दाखवत, कुणी हात जोडत. बहिणीला वाचता येत नाही, म्हणून तिच्यासाठी मी आवाज रेकॉर्ड करून पाठवायचो.

आमच्या गावात पूर्वी एक म्हातारा मुळ्या उगाळून द्यायचा. त्याच्या सगळ्याच मुळ्यांना गुण होता असं मी म्हणत नाही. पण तो द्यायच्या आधी खूप विचारायचा, पोटात काय आहे, रात्री झोप लागली का, घरात आणखी कुणाला आहे का. दिल्यावर उठून जायचा नाही. रोग्याला डोळा लागेपर्यंत बाजेशी बसून तंबाखू चोळत राहायचा. मोबाइलमधला माणूस बसत नाही. त्याला तुम्ही कोण, तेही ठाऊक नसतं.

ज्याने माझा घात केला, खरं तर ज्याच्या हाताने मी घात केला, तो पांढऱ्या झब्ब्यातला शांत आवाजाचा माणूस होता. त्याच्या मागे पडद्यावर धबधबा पडत होता. तो कोरड्या उपवासाबद्दल बोलत होता. अन्न नाही आणि पाणीही नाही. तो म्हणाला, पाणी बंद केलं की शरीर स्वतःच्याच आजारी पेशी खायला लागतं, आधी आजारी, मग म्हाताऱ्या. मी व्हिडिओ थांबवला आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

ते वाक्य दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातल्या माणसाने ऐकलं असतं तर त्याला कदाचित काहीच वाटलं नसतं. आमच्याकडे 'पेशी' हा शब्द मोठा आहे. कोर्टात तो तारखेचा शब्द. पुढची पेशी कधी, मागच्या पेशीला साक्षीदार आला नाही, असं मी दिवसातून पन्नास वेळा बोलतो. आणि जंगलातल्या गावांत तो रक्ताचा शब्द आहे. इथे पुष्कळ घरांत सिकलसेल आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे असह्य दुखतं. आई आणि बाप दोघांच्या रक्तात तो लपलेला असला तर एखाद्या पोराच्या वाट्याला पुरता येतो. माझ्या बहिणीच्या घरी तसं झालं. तिच्या या एकुलत्या एका मुलीला तो पुरता आहे.

मुलगी पाच-सहा वर्षांची असताना गावात तपासणीचं शिबिर आलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी बहिणीला समजावलं, "हिच्या पेशी वाकड्या आहेत." बहीण घाबरून माझ्याकडे आली. "भाऊ, पोरीची पेशी कायची निघाली? आपण तं कोणाशी भांडलो नाई." आम्ही पोट धरून हसलो होतो. तेव्हापासून घरात दवाखान्याच्या तारखेलाही पेशीच म्हणायला लागलो. "उद्या पोरीची पेशी आहे," बहीण फोनवर म्हणायची, आणि मी सुट्टी टाकून दोघींना जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचो. भाऊजी गेल्यावर तर हे माझंच काम झालं. ते करताना मला बरं वाटायचं, हेही सांगितलं पाहिजे.

भाची मोठी झाली, पदवीधर झाली आणि तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करायला आमच्याकडे येऊन राहिली. आम्हाला मूलबाळ नाही. ती आली आणि घरात कुणीतरी मोठ्याने वाचायला लागलं. तिच्याकडे दोन लिटरची एक गुलाबी बाटली होती. बाटलीवर तिने नेलपॉलिशने आडव्या रेघा मारल्या होत्या आणि प्रत्येक रेघेशी वेळ लिहिली होती: सात, नऊ, अकरा, एक. त्या वेळेपर्यंत पाणी त्या रेघेपर्यंत उतरलं पाहिजे. तिच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं होतं, रोजची गोळी आणि कॅप्सूल चुकवायची नाही, आणि पाणी. रक्त पातळ वाहतं राहिलं तर वाकड्या पेशी अडकत नाहीत. अभ्यासिकेतल्या मुली तिला 'टँकर' म्हणायच्या. ती चिडायची नाही. म्हणायची, "टँकर आला म्हणून तं तुमच्या वाटचं पाणी टिकलं."

वहीतलं ते उपवासाचं वाक्य मी तिला दाखवलं तेव्हा एप्रिल लागला होता. बायको तिच्या भावाच्या घरी लग्नासाठी आठ दिवस गेली होती. ती घरी असती तर हे झालं नसतं. मी ती नसतानाचीच वेळ साधली.

भाचीने वहीतलं वाक्य दोनदा वाचलं. "मामाजी, हे माह्यासाठी लिहून घेतलं का?"

"तुह्यासाठीच. मले काय, साखरच आहे."

"पण मॅडम तं म्हणते, पाणी कधीच सोडू नको."

"ते गोळ्यावाले लोक आहेत. हे दुसरं शास्त्र आहे. अन् दोनच दिवस आहे. मीबी करतो तुह्यासंग."

ती थोडा वेळ बाटलीच्या झाकणाशी खेळत बसली. मग म्हणाली, "आजारी पेशी खाल्ल्या तं जागा खाली होईन. तिथं मंग चांगल्या येतीन का?"

हे त्या माणसाने सांगितलं नव्हतं. मी वाचलंही नव्हतं कुठे. मी म्हणालो, "येतीन."

"म्हणजे पेशी गेल्या तं पेशी बंद," ती म्हणाली आणि हसली. दर महिन्याची दवाखान्याची वारी तिला नको झाली होती. बाटली मीच उचलून कपाटावर ठेवली. गोळ्याही पाण्याशिवाय कशा घेणार म्हणून बाजूला ठेवल्या.

पहिला दिवस बरा गेला. तिने अभ्यास केला. मला डोकं दुखलं, पण मनात एक प्रकारचा अभिमान होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे ओठ फुटले होते.

"पाय ठणकून राह्यले, मामाजी."

"विष निघते तवा ठणकते." हे मात्र व्हिडिओत होतं.

मी कोर्टात गेलो. आमच्याकडचं एप्रिलचं ऊन ज्याने पाहिलं आहे त्याला सांगायला नको. अकराच्या सुमारास दिवसाच्या केसेसची यादी साहेबांच्या टेबलावर ठेवून मी व्हरांड्यात आलो. तिथे लिंबाच्या सावलीत पक्षकारांसाठी दोन माठ असतात, आणि साखळीला बांधलेला स्टीलचा गिलास. मी गिलास बुडवला आणि प्यायलो. मग आठवलं. मग मी दुसरा गिलास भरला आणि तोही प्यायलो. पहिला विसरून प्यायलो, दुसरा आठवून. त्याबद्दल मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही.

दुपारच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा ती कूलरसमोर फरशीवर आडवी होती. पुस्तक छातीवर पालथं होतं. डोळे मिटूनच तिने विचारलं, "तुमी काई पेले नाई ना?"

"नाई."

"लय वाटून राह्यलं होतं मले. मी तं उठलीच होती." तिने फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "पण तुमी ऊनात जाऊन नाई पेले, मंग मीबी थांबतो संध्याकाळवरी."

मी तिथेच बाटली खाली काढून देऊ शकत होतो. मी कोर्टाची वेळ झाली म्हणून निघालो.

साडेपाचला परतलो तेव्हा ती ओरडत नव्हती. ओढणीचा बोळा दातांत धरून भिंतीशी पडली होती. तिला उचलताना तिच्या मांडीला माझा हात लागला तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी लिहू शकत नाही. शेजाऱ्यांच्या गाडीतून गावातल्या दवाखान्यात, तिथून रुग्णवाहिकेने जिल्ह्याला. तिथे सलाइन लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, पुढे दोन वेळा रक्त चढवलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या एक तरुण डॉक्टर मॅडम तिच्या बाजूला बसून विचारत होत्या. "गोळ्या चालू होत्या? पाणी किती पीत होतीस?"

"अभ्यासात ध्यान नाई राह्यलं, मॅडम."

"दोन दिवस ध्यान नाही राहिलं? तुझं सगळं शरीर कोरडं पडलं होतं, कळतं का तुला? शिकलेली आहेस ना?" मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "घरी कोण होतं?"

"मामाजी दिवसभर कोर्टात राह्यते," भाची म्हणाली. "त्यायले नाई मालूम."

मॅडम पुन्हा तिच्यावरच रागावल्या. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मनात म्हणत होतो, सलाइन तर चालूच आहे, आता सांगून उपचारात काय फरक पडणार. रोज कोर्टात मी अशा युक्तिवादांच्या प्रती काढतो. त्यांचा वास मला ओळखता यायला हवा होता.

त्याच दुपारी माझी बहीण आली. मोहफुलांचा हंगाम होता, ती पहाटे झाडाखालून थेट बस धरून आली होती. हातांना मोहाचा गोड आंबूस वास होता. तिने मला काही विचारायच्या आधी पोरीच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं. बराच वेळ ती तेच करत होती. मग बाहेर व्हरांड्यात येऊन विचारलं, "काय झालं होतं रे, भाऊ?"

"ऊन लागलं, बाई," मी म्हणालो. "यंदा ऊन लय आहे."

"हो. लयच आहे," ती म्हणाली आणि माझ्या घामेजलेल्या सदऱ्याकडे बघून पदराने मला वारा घालायला लागली.

भाची वाचली. पण डाव्या खुब्यातलं दुखणं गेलं नाही. नंतर फोटो काढले तेव्हा मॅडम म्हणाल्या, तिथल्या हाडाला रक्त पुरेसं पोहोचत नाही, हे या आजारात हळूहळू होत असतं, आधीपासून चाललं असेल, या वेळी जास्त झालं. त्या वाक्याचा पहिला भाग मी कित्येक महिने घट्ट धरून ठेवला. आधीपासून चाललं असेल. दुसरा भाग पहाटे जाग आल्यावर आपोआप ऐकू यायचा. परीक्षा तर बुडालीच. अभ्यासिकेचा जिना तिला चढवेना, म्हणून ती गावी गेली.

बायको लग्नाहून आली तेव्हा घर झाडताना तिला कपाटावर बाटली दिसली. "ही वर कोणी ठेवली?" तिने विचारलं. मी पेपर उलटत राहिलो. ती बाटली हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होती. नंतर तिने त्याबद्दल कधी विचारलं नाही. मात्र मी एखादी नवी गोष्ट ऐकून घरात बोलायला लागलो की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. ती पूर्वीसारखी हसली असती तर बरं झालं असतं.

भाचीच्या सामानात तिची दवाखान्याची फाइल होती. ती गावी पोचवण्याआधी मी चाळली. आत सरकारी छापाची एक पातळ पुस्तिका होती, शिबिराच्या दिवशी दिलेली. पंधरा-सोळा वर्षं ती आमच्या दोन घरांत हिंडत होती. पहिल्याच पानावर एका बाईचं चित्र, हातात गिलास, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं की रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, उपवास करू नये, उन्हात फिरू नये. ज्याला गाव 'तो वाचते' म्हणतं त्या माणसाने ती पुस्तिका एकदाही उघडली नव्हती. तिच्यातली भाषा मला फार साधी वाटली असणार.

पांढऱ्या झब्ब्यातला माणूस अजून दिसतो. आता तो मिठाबद्दल बोलतो. त्याच्या त्या जुन्या व्हिडिओखाली मी एकदा सगळी हकीकत लिहिली होती. लिहून झाल्यावर वाचली. त्यात दोष त्याचा होता, डॉक्टरांचा होता, उन्हाचा होता. माझ्या वाटेचं फक्त एक वाक्य होतं, आणि माठाचा तर उल्लेखच नव्हता. मी ते पुसून टाकलं. मग लक्षात आलं की लिहायचं ते इथे नाही, आणि सांगायचं तेही याला नाही.

म्हणून या एप्रिलमध्ये, एका रविवारी, बहिणीच्या गावी गेलो. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. बहीण उकिडवी बसून त्यातला पालापाचोळा वेचत होती.

"ये भाऊ. मधातच काऊन आला? तब्येत बरी आहे ना?" मग आत बघून म्हणाली, "पोरी, मामाजी आला. पाणी आण."

भाची एका हाताने भिंत धरून आली. दुसऱ्या हातात तांब्या होता. पाणी सांडू नये म्हणून ती त्याच्याकडे बघत चालत होती. "घ्या, मामाजी." मी तांब्या घेतला आणि बाजूला ठेवला. ती परत जाऊन उंबऱ्यावर बसली.

"बाई," मी म्हणालो, "मागच्या साली तिले ऊन नोहोतं लागलं."

मी सगळं सांगितलं. व्हिडिओ, वही, कपाटावरची बाटली. सांगताना मी माझ्या चपलेकडे बघत होतो. बहिणीचे हात फुलांतून फिरत राहिले.

"म्हणजे उपास केला तुमी दोघायनं," ती शेवटी म्हणाली. "उपास तं मीबी करतो. निर्जला एकादशीले पाण्याचा थेंब घेत नाई."

"तिले नोहोता चालत, बाई. पुस्तकात लिहून होतं."

"तुले का मालूम होतं असं होईन म्हणून. तू तं चांगल्यासाठीच केलं." तिने एक काडी उचलून दूर फेकली. "अन् दुखणं काई तू नाई देलं तिले. ते माह्या रक्तातून गेलं. तिच्या बापाच्या अन् माह्या. मी रोज म्हणतो, कोणत्या पोटी जन्मली ही. तू कायले मनाले लावून घेते?"

मला हायसं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर छाती मोकळी झाली. एका क्षणात मला माफी मिळाली होती, आणि तीही अशा बाईकडून जी स्वतःला इतकी वर्षं दोषी धरून बसली होती. मी तिथे थांबलो असतो तर चहा पिऊन, भाचीच्या डोक्यावर हात ठेवून, सुखाने घरी परतलो असतो. पण समोर तांब्या होता.

"बाई, मी पाणी पेलो होतो," मी म्हणालो.

"कवा?"

"दुसऱ्या दिवशी. कोर्टात. दोन गिलास. ती पेणार होती दुपारी. तिनं मले विचारलं, तुमी पेले का. मी म्हणलं, नाई. म्हणून ती थांबली."

बहिणीचे हात थांबले. तिने मान वर केली, पण माझ्याकडे बघितलं नाही, उंबऱ्याकडे बघितलं. भाचीने सगळं ऐकलं होतं. तिला हे आजच कळत होतं. दवाखान्यात जेव्हा तिने मला पाठीशी घातलं, तेव्हा तिला वाटत होतं की मीही तिच्याइतकाच तहानलेला होतो. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. हिशेब चुकला की वहीकडे बघतात तशी.

"तू पाणी पेला," बहीण म्हणाली, "अन् तिले म्हणला, नाई पेलो."

"हो."

कोंबड्या फुलांत घुसल्या, बहिणीने त्यांना हाकललंही नाही. शेवटी तिने तांब्या माझ्याकडे सरकवला.

"पे ते पाणी. ऊन आहे."

मी प्यायलो. पिताना घशाचा आवाज होत होता आणि तो तिघांनाही ऐकू येत होता.

निघताना मी विचारलं, "पुढची पेशी कवा आहे? मी सुट्टी टाकतो."

"राहू दे, भाऊ," बहीण म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतं, दूध आज नको म्हणावं तसं ती बोलली. "मीच नेतो तिले. एसटी जाते ना."

त्यांची एसटी आमच्या तालुक्याच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबते. पेशीचा दिवस कुठला ते मला ठाऊक आहे, सोळा वर्षांची सवय आहे. मागच्या महिन्यात त्या दिवशी मी कोर्टात जायच्या आधी स्टँडवर गेलो. बहीण पलीकडच्या बाजूला बसली होती, तिने मला पाहिलं नाही. भाची खिडकीशी होती. मांडीवर गुलाबी बाटली. रेघा पुन्हा नव्याने मारलेल्या दिसत होत्या, या वेळी लाल. तिने मला बघितलं. मग झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघत बघतच, न थांबता, नऊच्या रेघेपर्यंत पाणी प्यायली. झाकण लावून बाटली परत मांडीवर ठेवली. त्यानंतर तिने हात हलवला की काचेवर कपाळ टेकवलं, ते मला नीट दिसलं नाही. गाडी निघाली होती.